पुढेताई बसल्या

निवडणुकीला माणूस उभा राहतो. हरला की पडतो. दुसऱ्यासाठी माघार घेतली की बसतो. ही क्रियापदं मी लहानपणापासून ऐकत आले. साहित्याची पदवी घेतली, तरी त्यांच्याकडे कधी नीट पाहिलं नव्हतं. पाहायला लावलं ते पुढेताईंनी.

पुढेताई बसच्या कंडक्टर होत्या. नंतर खासदार झाल्या. मग पडल्या. मग पुन्हा उभ्या राहिल्या. "पुढे चला, पुढे सरका, पुढे रिकामं आहे," असं त्या दिवसभर ओरडत, आणि पुढे कधीच रिकामं नसे. त्यावरून नाव पडलं. विरोधकांनी ते चिडवायला वापरलं. ताईंनी ते पोस्टरवर छापलं.

आमची ओळख जिन्यातली. त्यांच्या वरच्या खोलीत मी भाड्याने राहायचे. खाली दर्शनी खोलीत त्यांच्या नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. काका डोळ्याला भिंग लावून सकाळपासून बसलेले असायचे.

"आमच्या घरात एक जण बसून कमावतो आणि एक जण उभं राहून," ते गिऱ्हाइकांना सांगायचे. "पाठ मात्र बसणाऱ्याची दुखते."

"आणि गुडघे कुणाचे दुखतात तेही सांगा," ताई आतून म्हणायच्या.

चालत्या गाडीत उभं राहण्याची ताईंची एक रीत होती. सीटच्या पाठीला कंबर टेकवायची. डावा पाय पुढे, उजवा मागे. दोन्ही हात मोकळे, एक पिशवीत, एक तिकिटांवर. वळण आलं की सगळा भार उजव्या गुडघ्यावर. त्यांचा मार्ग डोंगरातला होता. सगळा वळणांचाच.

राजकारणात त्या एका खोलीसाठी आल्या. संध्याकाळची शेवटची गाडी डोंगरापलीकडच्या गावाला जाते, तिथेच मुक्काम करते आणि सकाळची पहिली फेरी म्हणून परत येते. ड्रायव्हर मागच्या लांब सीटवर झोपतो. बाई कंडक्टर कुठे झोपणार, हा प्रश्न आगारात कुणाला पडला नव्हता, कारण तोवर बाई कंडक्टरच नव्हती. संडास नव्हता. पहिल्या मुक्कामाला ताईंनी दुपारपासून पाणी प्यायलं नाही. परत आल्यावर त्यांनी आगारप्रमुखांना विचारलं. ते म्हणाले, पुढच्या बैठकीत विषय घेतो. विषय घेतला गेला नाही.

म्हणून त्या कामगार संघटनेच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या.

"बाई, उभी तर तू रोजच असतेस," एक जुना कंडक्टर म्हणाला. "अजून किती राहशील?"

पडल्या. मग जिल्हा परिषदेला उभ्या राहिल्या. तिथे अनामतही गेली. एकाच गावाने त्यांना भरभरून मतं दिली, मुक्कामाच्या. पुढच्या खेपेला पुन्हा पडल्या, पण कमी जोरात. असं त्याच म्हणायच्या. तिसऱ्या खेपेला निवडून आल्या. शेवटच्या थांब्यावर खोली बांधली गेली, शेजारी संडास. कंत्राटदाराने दाराला कडी बाहेरून लावली. ताईंनी ती त्याच्यासमोर काढायला लावली आणि आतून बसवून घेतली.

संसदेचं तिकीट त्यांना मिळालं, कारण पक्षाला ती जागा जिंकायची आशा नव्हती. पडायला माणूस हवा होता. हे ताईंना माहीत होतं. त्या पडल्या. पण सरकार लवकर कोसळलं, मध्येच निवडणूक लागली आणि पक्षाची लाट आली. ताई निवडून आल्या.

"लाटेत आलात हो," असं कुणी म्हणालं की त्या म्हणत, "ओंडकेही आले. मी निदान पोहत होते."

संसदेतलं त्यांचं पहिलं भाषण मी कॉलेजच्या वाचनालयात टीव्हीवर पाहिलं होतं. समोरच्या बाकाला कंबर टेकवून त्या उभ्या होत्या. डावा पाय पुढे. वेळ संपली तरी बोलत होत्या. सभापती म्हणत होते, "सन्माननीय सदस्य, खाली बसा." ताई म्हणाल्या, "साहेब, माझा थांबा अजून आला नाही." सगळं सभागृह हसलं. तेव्हा मला वाटलं होतं की ही बाई गमतीची आहे. गंमत त्यांच्याकडे होतीच. पण त्या दिवशी त्या तोट्यातल्या फेऱ्या बंद करण्याविरुद्ध बोलत होत्या, आणि त्या वर्षी त्या फेऱ्या बंद झाल्या नाहीत.

पुढच्या निवडणुकीत लाट उलटी फिरली. ताई पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या ओट्यापाशी चहा गाळत होत्या. "पडलं की आधी काय मोडलंय ते बघायचं," म्हणाल्या. "काही मोडलं नाही." मी तोवर वरच्या खोलीत राहायला आले होते. सांत्वन करायला गेले आणि चहा पिऊन परत आले.

हे सगळं सांगायचं कारण शेवटची निवडणूक.

फेऱ्यांचा विषय पुन्हा निघाला होता. या वेळी आदेशच आला होता. निकालानंतरच्या पहिल्या तारखेपासून डोंगरातल्या सगळ्या फेऱ्या बंद. मुक्कामाची गाडीही. पलीकडच्या गावातून दवाखाना, कॉलेज, बाजार, सगळं त्याच गाडीवर होतं. नवी संसदच हा आदेश रद्द करू शकणार होती. ताईंनी पक्षाकडे तिकीट मागितलं. पक्षाने ते एका बिल्डरच्या मुलाला दिलं. त्याला सगळे धाकटे शेठ म्हणत. त्याच्या चुलत्याच्या खासगी जीपगाड्या त्याच डोंगरात चालायच्या.

ताईंनी अपक्ष अर्ज भरला.

मग पक्षाचे सरचिटणीस घरी आले. दुकानातूनच आत यावं लागतं, त्यामुळे काकांनी भिंगातून त्यांच्याकडे पाहून घेतलं.

"ताई, वय काय झालं आता?" सरचिटणीसांनी विचारलं.

"का? अर्धं तिकीट देताय?"

"थट्टा नको. मतं फुटली की तुम्ही दोघंही पडणार. आता बसा."

"कुठे?"

"धाकट्या शेठसाठी, ताई. परिवहन महामंडळाचं अध्यक्षपद देतो. गाडी, बंगला, खुर्ची."

"खुर्ची कशी आहे?"

"एकदम मऊ."

"मग मला झोप लागेल," ताई म्हणाल्या. "चहा घ्या. निवेल."

ते गेल्यावर काका म्हणाले, "अगं, बंगल्याचं नीट विचारायचं तरी. मला तळमजल्याला दुकान मिळालं असतं."

प्रचाराला एक टेम्पो होता आणि एक भोंगा. भाषणं लिहायचं काम माझ्याकडे आलं. ताईंनी पहिलंच भाषण वाचून पेन्सिल मागितली.

"हे क्षितिज काढ."

"चांगलं वाक्य आहे ते, ताई."

"असेल. पण क्षितिजाला आपली बस जात नाही."

प्रचाराच्या शेवटच्या दुपारी बसस्थानकासमोर सभा होती. संध्याकाळी पाचला सगळे भोंगे बंद होणार होते. त्यानंतर सभा नाही, पत्रक नाही, घोषणा नाही. ऊन कडक होतं. ताई टेम्पोच्या फळीवर उभ्या राहून बोलत होत्या. मध्येच त्यांचा उजवा गुडघा अडकला. मी शेजारी होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी माइक सोडला नाही.

"लोकहो, मला आता उभं राहवत नाही," त्या म्हणाल्या. "मी बसते. पुढचं ही पोरगी वाचून दाखवेल."

त्या घडीच्या खुर्चीवर बसल्या. उरलेलं भाषण मी वाचलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही फळी उतरवली, भोंगा काढला. पाच वाजले.

घरी पोचतो तोच ताईंच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. ती दूरच्या शहरात राहायची. फोनचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

"बसलीस ना शेवटी? मला आधी सांगायचं तरी, ताई."

"हो गं, बसले. गुडघा अडकला."

"गुडघ्याचं कारण सांगितलंस होय. बरं केलंस. लोकांना काहीतरी सांगावं लागतं."

ताईंनी फोनकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

कुणीतरी सभेचा तुकडा पाठवला होता. त्यात ताई म्हणत होत्या, "मला आता उभं राहवत नाही. मी बसते." एवढंच. पुढचं कापलं होतं. तासाभरात तो तुकडा सगळ्या मतदारसंघात पोचला. अर्ज मागे घेण्याची मुदत कधीच संपली होती, मतपत्रिकेवर नाव छापून झालं होतं. पण नाव छापून झाल्यावरही माणूस बसतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शेवटच्या संध्याकाळी तर हमखास बसतो.

मग ब्रेकमास्तर आला. ताईंच्या गाडीवरचा जुना ड्रायव्हर. इतकी वर्षं दोघांनी एकाच गाडीवर काढली होती. ताई घंटी वाजवायच्या आधीच त्याला गाडी कधी सोडायची ते कळायचं. त्याने छातीवरचा ताईंच्या चिन्हाचा बिल्ला काढला आणि काकांच्या काउंटरवर ठेवला.

"ताई, मला एका शब्दाने तरी सांगायचं होतं."

"अरे, मी खुर्चीवर बसले फक्त."

"तेच म्हणतायत सगळे. खुर्चीवर बसल्या."

'बसले' या शब्दाशिवाय ताईंना ते सांगता येत नव्हतं. मी भाषाच शिकले होते आणि मलाही दुसरा शब्द सुचेना. ब्रेकमास्तर मान खाली घालून निघून गेला.

"मी खुलासा लिहिते," मी म्हणाले. "हाताने लिहू, घरोघरी देऊ."

"पत्रक वाटलं की उमेदवारी रद्द," ताई म्हणाल्या. "त्यांना तेच हवंय."

"आणि खुलासा म्हणजे बातमीला दुसऱ्यांदा गावभर फिरवणं," काका म्हणाले. ते खाली वाकून ताईंच्या गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधत होते. "ज्याने ऐकली नसेल तोही म्हणेल, कोण बसलं?"

ताईंनी गुडघा वाकवून पाहिला. मग म्हणाल्या, "उद्या मी गाडीने जाते. डोंगरात. सकाळपासून."

"प्रचार बंद आहे, ताई."

"प्रवास बंद नाही ना?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या फेरीला बसस्थानकावर गेलो. ताईंची साडी नेहमीची, पायात जुन्या कामावरच्या चपला. कंडक्टर एक तरुण मुलगी होती.

"ताई, तुमच्याकडून तिकिटाचे पैसे घेऊ?"

"घे. नाहीतर तुझी नोकरी जाईल आणि माझी उमेदवारी."

आरशात मला ड्रायव्हर दिसला. ब्रेकमास्तर. त्याने आमच्याकडे पाहिलं आणि नजर रस्त्यावर नेली.

ताई गाडीच्या मधोमध उभ्या राहिल्या. सीटच्या पाठीला कंबर. डावा पाय पुढे. गाडी सुटली. दोन सीट सोडून एक शिक्षिका होती, ती उठली.

"ताई, बसा ना."

"नाही. मी बसणार नाही."

कुणीतरी खाकरलं. मागच्या सीटवरून एका माणसाने विचारलं, "म्हणजे बसला नाहीत?"

"डोळे आहेत ना तुम्हाला?" ताई म्हणाल्या.

आधी एक बाई हसली. मग सगळी गाडी हसली.

त्यानंतर ताईंना काही करावं लागलं नाही. आमच्याकडे वयस्क बाई गाडीत उभी असली की कुणी ना कुणी उठतंच. प्रत्येक थांब्यावर नवीन माणसं चढत. त्यांतलं कुणीतरी ताईंना ओळखे आणि म्हणे, "ताई, बसा." आधीचे प्रवासी याचीच वाट पाहत असत. ताई म्हणत, "नाही बसत." दुपारपर्यंत त्यांच्याआधीच गाडी बोलू लागली. "त्या बसत नाहीत हो," एक भाजीवाली प्रत्येकाला सांगत होती. "किती सांगितलं. ऐकतच नाहीत." उतरलेले लोक ते घेऊन घरी जात होते.

तिसऱ्या फेरीला धाकट्या शेठचा एक कार्यकर्ता चढला.

"ताई, पाय सुजलाय तुमचा," तो गोड आवाजात म्हणाला. त्याच्या हातात फोन होता. "दोन मिनिटं टेका की. कुणी काही म्हणणार नाही."

"फोटो काढायचाय का?"

"नाही, नाही."

"काढ की. उभीचा काढ. माझी उंची चांगली दिसते."

तो पुढच्या थांब्यावर उतरला. नाक्यावर गाडी थांबवली गेली. निवडणूक अधिकारी वर चढले. घामाघूम झालेला, बरा माणूस होता.

"तक्रार आली आहे. तुम्ही प्रचार करताय."

ताईंनी तिकीट दाखवलं. "उभ्याने प्रवास करतेय."

"जागा रिकामी आहे. मग बसा तुम्ही."

"हे तुम्ही सरकारतर्फे सांगताय की धाकट्या शेठतर्फे?"

अधिकाऱ्यांनी तोंड उघडलं. मग आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. भाजीवाली म्हणाली, "साहेब, तुम्हीच बसा जरा." ते खाली उतरले आणि त्यांनी हाताने गाडी पुढे काढायची खूण केली.

संध्याकाळच्या फेरीला, मुक्कामाच्या गाडीला, घाटात गाडी जवळजवळ रिकामी झाली. सीटच्या दांड्यावरची ताईंची बोटं पांढरी झाली होती. प्रत्येक वळणाला त्यांच्या घशातून बारीक आवाज यायचा.

"आता कुणी नाही," मी हळूच म्हणाले. "पुढच्या थांब्यापर्यंत तरी बसा. मी कुणाला सांगणार नाही."

"ड्रायव्हर आहे," ताई म्हणाल्या. "त्याला आरशात दिसतं."

मी आरशात पाहिलं. ब्रेकमास्तर पाहत होता. पुढचं वळण त्याने इतकं हळू घेतलं की मागची जीप हॉर्न वाजवायला लागली. त्याच्या पुढचंही तसंच. हॉर्न वाजत राहिला. त्याने गाडी बाजूला घेतली नाही आणि वेगही वाढवला नाही. गाडीला एकही हिसका बसला नाही.

शेवटच्या थांब्यावर तो इंजिन बंद करून मागे आला. ताईंना खाली उतरायला हात दिला.

"बिल्ला तुमच्या दुकानात राहिलाय," एवढंच म्हणाला.

"ह्यांनी काउंटरवरून हलवला नाहीये," ताई म्हणाल्या.

त्या गावात एक म्हातारी थांब्यावर बसली होती. तिला मी विचारलं, ताईंची बातमी ऐकली का म्हणून.

"कसली बातमी? इथे बातमी गाडीनेच येते," ती म्हणाली. "आज गाडीतून हीच आली."

मतदान झालं. मतमोजणी महिन्याच्या शेवटच्या दिवशी होती. शहरातल्या पेट्यांत ताई मागे होत्या. बातमी तिथेच सगळ्यांत जास्त फिरली होती. दुपारी डोंगरातल्या पेट्या उघडल्या आणि अंतर कमी होऊ लागलं; शेवटच्या पेटीला ताई पुढे गेल्या. धाकट्या शेठनी फेरमोजणी मागितली. फेरमोजणीत ताईंची चार मतं वाढली. दोनशेहून कमी मतांनी ताई निवडून आल्या.

काका बाहेर पायरीवर बसले होते. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "चार कुठली वाढली ते विचारलंस का? त्यातलं एक माझं असेल. माझा शिक्का नेहमी पुसट उमटतो."

ताई हार गळ्यात घेऊन थेट बसस्थानकात गेल्या. आम्ही मागे. मुक्कामाची गाडी फलाटाला लागली होती. दिवे बंद. ब्रेकमास्तर दाराशी उभा होता, छातीवर बिल्ला. आगारप्रमुख चौकशीच्या खिडकीमागून बाहेर आले. त्यांनी ताईंचं अभिनंदन केलं आणि मग नजर चुकवली.

"गाडी का सोडली नाही?" ताईंनी विचारलं.

"उद्या पहिली तारीख. फेऱ्या बंद. आज मुक्कामाला पाठवली तर उद्या सकाळी परत आणावी लागेल."

"मग?"

"उद्याची फेरीच नाही, ताई. वरून आदेश आहे."

"वर मीच चाललेय आता."

"हे माइकवर नको बोलूस," काका म्हणाले. "वर चालले एवढंच ऐकू गेलं, तर रात्रीपर्यंत लोक वेगळे हार घेऊन दारात येतील."

ब्रेकमास्तर हसला. आगारप्रमुखांनाही हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. "माझे हात बांधलेले आहेत," ते म्हणाले. "संसदेने रद्द केला तर मी स्वतः गाडी सोडीन."

"संसद भरायला वेळ आहे. तोवर डोंगरातल्यांनी जीपने जायचं?" ताईंनी पायरीचा दांडा धरला. एक पाय वर टाकला, मग दुसरा ओढून घेतला. "मी गाडीत आहे. मुक्कामाला चालले. खोलीला कडी आतून आहे, माझी सोय होईल."

"ताई, उद्या सकाळी परत कशा येणार?"

"फेरीने. खासदाराला डोंगरात विसरून आलो, असं तुम्ही वर कळवणार असाल तर गोष्ट वेगळी."

फलाटावर बाजाराच्या पिशव्या घेतलेली माणसं जमली होती. ती गाडीत चढू लागली. आगारप्रमुख खिडकीकडे वळले आणि आतल्या कारकुनाला म्हणाले, "उद्या सकाळची डोंगरातली एक फेरी लावून ठेव."

"एकच?" ताईंनी आतून विचारलं. "संध्याकाळी मला पुन्हा जायचंय."